मीडिया ऑफलाइन, व्हाया ऐरोली

डीआयच्या, म्हणजे एडिटनंतर फिल्मला रंग देण्याच्या कामाच्या, पैशांचा विषय निघाला की आमचे निर्माते एकच प्रश्न विचारतात, "फिल्म कलरमध्येच शूट केलीये ना? मग परत कलरचे पैसे कसले?" निर्माते म्हणजे दिग्दर्शकाचे सख्खे मामा. वागळे इस्टेटमध्ये त्यांचं पॅकिंगच्या खोक्यांचं काम आहे, आणि एकदा छापलेलं खोकं पुन्हा कोणी रंगवत नाही, हा त्यांचा अनुभव. लॉगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या एका खास सेटिंगवर, शूट केलेलं फुटेज मुद्दामच फिकं, राखाडी दिसतं. त्यात उजेड-सावलीचे बारकावे शाबूत राहतात आणि रंग नंतर हवे तसे काढता येतात, हे मी त्यांना समजावलं. "म्हणजे भारीतला कॅमेरा भाड्याने आणायचा आणि चित्र मुद्दाम खराब काढायचं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मलाही तो प्रकार संशयास्पद वाटायला लागला.

पण रंगापर्यंत पोचण्याआधी एक प्रवास असतो, त्याचं बिल कोणी लावत नाही. मी ठाण्याला नौपाड्यात बसून एका सॉफ्टवेअरवर एडिट करतो. डीआय करणारी मुलगी वाशीत दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर काम करते. फुटेज दोन टीबी. १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून ते पाठवायचं तर, नेट मध्येच एकदाही गेलं नाही असं धरूनसुद्धा, ४४ तासांच्या वर लागतात. ट्रान्सहार्बरची वाशी लोकल अर्ध्या तासात पोचवते. थोडक्यात, आमच्या पोस्ट प्रॉडक्शनमधला सगळ्यात वेगवान टप्पा मध्य रेल्वे सांभाळते, तेही २००४ सालापासून. आपण फक्त डिस्कची बॅग पोटाशी धरून उभं राहायचं आणि रबाळेला गर्दी आत घुसली की बॅगेच्या आधी स्वतः चेपून घ्यायचं.

मात्र डिस्कवरून फुटेज जातं, फिल्म जात नाही. फिल्म जाते एक्सएमएल नावाच्या इवल्याशा फाइलमधून. तिच्यात चित्र नसतंच, नुसते पत्ते असतात: अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप घे, इथून इथपर्यंत काप, तिसऱ्या ट्रॅकवर ठेव. गंमत म्हणजे माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल काढायच्या पर्यायावर नाव आहे तिसऱ्याच सॉफ्टवेअरचं, फायनल कट प्रोचं. त्यातही ही बोली त्याच्या सातव्या आवृत्तीची. ती आवृत्ती २०११ साली निवृत्त झाली आणि तिच्यामागून आलेल्या नव्या फायनल कटने स्वतःची निराळीच बोली काढली. तरी दोन परक्या सॉफ्टवेअरांचा व्यवहार अजून त्या जुन्या नावानेच चालतो. पणजोबांना जाऊन जमाना झाला तरी सातबारा त्यांच्याच नावावर असावा, तसं. नाव बदलायला कोणी जात नाही, कारण गेलं की भाऊबंदकी निघते.

या पत्त्यांच्या यादीत काय येत नाही ते विचारू नये. टायटलं येत नाहीत. हलणारा शॉट स्थिर करणारा इफेक्ट येत नाही. स्लो मोशन येतं, पण कधी कधी भलत्याच वेगाने.

वाशीत फाइल उघडली की आधी सगळा पडदा लाल: मीडिया ऑफलाइन, म्हणजे फुटेज सापडत नाही. माझं मशीन विंडोजचं, तिचं मॅक. माझ्याकडे जे सुखाने 'ई ड्राइव्ह'मध्ये राहतं, तसला पत्ता मॅकच्या गावात कोणी ऐकलेलाही नसतो. "थांबा दादा, मी त्याला फोल्डर दाखवते, मग ते शोधेल आपापलं," ती म्हणाली. त्याने शोधलं, आणि तिथेच घात झाला.

भाड्याच्या कॅमेऱ्यात कोणीतरी अशी सेटिंग करून ठेवली होती की नवं कार्ड घातलं की क्लिपचे नंबर पुन्हा सी०००१ पासून सुरू आणि टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवरची वेळेची नोंद, तीही शून्यावर. मोठ्या सिनेमांचे कॅमेरे क्लिपच्या नावातच रीळ नंबर घालतात, ए००१, ए००२ असे. आमच्या बजेटला तो मान नाही. त्यामुळे जितकी कार्डं, तितक्या सी००१४. आजी शेवटचे श्वास घेतेय, नातू तिचा हात हातात घेतो, कट, आणि तलावपाळीवर पॅडलची होडी. होडीतलं जोडपं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतंय. परत कट, आजीचा निपचित हात.

मी हसू दाबलं, डीआयवालीने तेही केलं नाही. दिग्दर्शक मात्र एकटक बघत राहिला.

"हे वाईट नाहीये रे," तो म्हणाला. "पैलतीर वगैरे..."

आम्ही त्याला चहा प्यायला खाली पाठवलं.

फ्रेम रेटचं दुखणं याहून खानदानी आहे. अमेरिकेने १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरवताना रंगाच्या आणि आवाजाच्या लहरी एकमेकींत घुसू नयेत म्हणून सेकंदाच्या ३० फ्रेम किंचित कमी करून २९.९७ केल्या. त्याच हिशेबाने पुढे सिनेमाच्या २४ च्या २३.९७६ झाल्या. फरक तासाला ३.६ सेकंद. आपला टीव्ही २५ फ्रेमचा, म्हणजे या भानगडीत आपण पडायचं काहीच कारण नव्हतं. पण घोडबंदर रोडवर ड्रोनवाल्याने २९.९७ वर उडवलं, आणि फोनवर घेतलेले शॉट तर मनाला येईल तसा वेग बदलतात. वर रंगाच्या सॉफ्टवेअरची अट अशी की फुटेज एकदा आत आलं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलायचा नाही. तेव्हा प्रोजेक्ट मोडा, नवा मांडा, २५ वर ठेवा, लाल पाट्या परत बघा.

सगळं जुळलंय का हे तपासायची रीत मात्र मला मनापासून आवडते. माझ्या एडिटची व्हिडिओ फाइल तिच्या टाइमलाइनवर, म्हणजे शॉट ओळीने मांडतात त्या पट्टीवर, डिफरन्स मोडमध्ये चढवायची. दोन्ही चित्रं तंतोतंत सारखी असली की एकमेकांतून वजा होतात आणि पडदा काळा पडतो. म्हणजे रंग द्यायला सुरुवात करायची ती अख्खी फिल्म ठार काळी दिसल्यावर. मामा नेमके तेव्हाच स्टुडिओत आले. बराच वेळ त्यांनी निमूटपणे काळा पडदा बघितला. एका शॉटचं झूम एक्सएमएलमधून आलंच नव्हतं. तिथे आजीची पांढरट कड काळोखातून सरकत गेली.

"कौटुंबिक म्हणाला होतात," मामा म्हणाले. "ही तर भुताची आहे."

रंग मात्र सुरेख लागले. आजीच्या खोलीत संध्याकाळ उतरली, आणि 'खराब' चित्रातून हे सगळं निघालेलं बघून मामांनी चक्क मान डोलावली. पिक्चर लॉक झाल्याचं, म्हणजे आता एकही कट बदलायचा नाही असं, तर दिग्दर्शकाने ग्रुपवर कधीच लेखी जाहीर केलं होतं.

परतीच्या लोकलमध्ये कोपरखैरणेला त्याचा फोन आला.

"अरे, ती होडी परत टाकू या ना. तशीच, तिथेच. दोन सेकंद फक्त."

ती होडी माझ्या टाइमलाइनवर कधी नव्हतीच. ती वाशीत उगवली होती आणि वाशीतच आम्ही तिला बुडवली होती. म्हणजे आता एक्सएमएल उलटी, वाशीहून ठाण्याला यायची; तीही पणजोबांच्याच नावाने. मी धास्तावून डीआयवालीला फोन लावला.

"ती जुनी टाइमलाइन मी उडवलीच नव्हती, दादा," ती म्हणाली. "चहा पिऊन वर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघितला होता मी."