कोपराचा बिंदू दाबून खरूज जात नाही

सध्या नातेवाइकांच्या गटांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: ‘खाज म्हणजे रक्तातली अशुद्धी. कोपर दुमडल्यावर घडीच्या बाहेरच्या टोकाला लागणारा बिंदू रोज तीन मिनिटं दाबा किंवा तिथं अ‍ॅक्युपंक्चरची सुई टोचून घ्या. कसलीही खाज मुळापासून जाते. गोळ्या, मलमं आजच बंद करा. हर्बल क्रीम लावा, त्याला साइड इफेक्ट नसतात. डॉ. कोटणीसांनीच ही विद्या चीनमधून भारतात आणली.’

कोटणीसांचं आधी उरकू. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथंच वारले. ते परत आलेच नाहीत, तर विद्या आणणार कुठून? त्याच पथकातले डॉ. बी. के. बसू पुढे पुन्हा चीनला गेले आणि अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले.

आता रक्ताचं. खाज जाणवते ती त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंमुळे, आणि त्यांना चेतवणारी कारणं अनेक. अंगावर पित्त उठतं तेव्हा मुख्य करामत हिस्टामिन या शरीरातल्याच रसायनाची असते, म्हणून त्याला रोखणारी सेटिरिझिनची गोळी लागू पडते. (आमसुलाच्या पाण्याने बरं वाटतं, त्यात गारव्याचा वाटा असणारच.) डायलिसिसवरच्या रुग्णाची खाज मात्र वेगळी. तिथं ही गोळी बहुधा हात टेकते.

बिंदूची गोष्ट अगदीच हवेतली नाही. म्युनिकच्या संशोधकांनी 2010 मध्ये इसबाच्या 30 रुग्णांवर प्रयोग केला. ॲलर्जी असलेला पदार्थ त्वचेवर लावून खाज उठवली आणि 100 पैकी तीव्रता विचारली. सुईशिवाय ती सरासरी 46 च्या आसपास होती. हा कोपराचा आणि गुडघ्याच्या वरचा, अशा खऱ्या बिंदूंवर सुई टोचल्यावर ती 36 वर आली. पण भलत्याच जागी टोचल्यावरही ती 40 झाली! म्हणजे दहा अंकांच्या उतारातला निम्म्याहून जास्त वाटा कुठेही सुई टोचून मिळत होता. तैवानमध्ये डायलिसिसच्या 40 रुग्णांवरही याच बिंदूचा प्रयोग झाला. आठवड्यातून तीनदा, महिनाभर. तिथंही खाज उतरली. अशा लहान प्रयोगांवरून मी एवढंच म्हणेन, की काहींना उतार पडू शकतो. ‘मुळापासून जाते’ हे शब्द मेसेज लिहिणाऱ्याने पदरचे घातलेत.

सगळ्यात घातक शब्द आहे ‘कसलीही’. खरूज घ्या. तिचा सूक्ष्म किडा त्वचेत बिळं करून अंडी घालतो. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ येतं. कोपर दाबून तो किडा कसा मरणार? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्याला पर्मेथ्रिनसारखं औषध लागतं, मानेपासून तळपायापर्यंत, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुरू व्हायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात, त्यामुळे ‘मला कुठे खाजतंय’ म्हणणाराही सुटत नाही. गजकर्णाला बुरशीनाशकच हवं. आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजत असतील, तर तो यकृताचा इशारा असू शकतो. त्यातून बाळाला धोका संभवतो. तिथं बिंदू दाबत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हर्बल क्रीमचं म्हणाल, तर 1999 मध्ये ब्रिटनमध्ये त्वचारोगांसाठी दिलेल्या 11 चिनी वनौषधी मलमांची तपासणी झाली. आठांत डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे मेसेज जी मलमं बंद करायला सांगतो त्यांत असतं तसलंच स्टेरॉईड, फक्त लेबलावर न लिहिलेलं. चेहऱ्यावर किंवा जांघेत महिनोन्‌महिने असं काही चोळलं की त्वचा पातळ होते आणि गजकर्ण उलट पसरतं.

घरगुती उपायच हवा असेल, तर कोरड्या त्वचेच्या खाजेला खोबरेल तेल घ्या. फिलिपिन्समध्ये इसब झालेल्या 117 मुलांवरच्या चाचणीत शुद्ध खोबरेल खनिज तेलाहून सरस ठरलं. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. सुईही करून बघायला हरकत नाही, पण आधी खाजेचं कारण शोधून, नोंदणीकृत माणसाकडे, दर वेळी नवी सुई फोडून, आणि चालू औषध न थांबवता.