चौथी नळी

तोंडात भुलेचं इंजेक्शन देऊन पेशंटला बाहेरच्या बाकावर बसवू नये, असा कायदा झाला पाहिजे. आत बसवा, जिन्यात उभं करा, पण जिथे काका असतात तिथे नको.

ठाण्यात नौपाड्यातला दातांचा दवाखाना. रूट कॅनाल केलेली माझी वरची दाढ पुन्हा ठणकत होती, आणि डॉक्टरीणबाई ‘बधिर व्हायला जरा वेळ लागेल’ म्हणून दुसऱ्या पेशंटकडे वळल्या होत्या. काकांच्या पिशवीत बायकोची कवळी आणि जांभळी नाक्यावरून घेतलेली कोथिंबीर एकत्र होती.

“कुठली दाढ?”

मी बोट दाखवलं.

“वरची! म्हणजे किडा वर चढलाय.” मग दवाखान्यात ऐकू जाईल अशा आवाजात, “आमच्या गावाला एक म्हातारी रिंगणीच्या बियांची धुरी द्यायची. तोंडात नळी, खाली पाण्याची परात. किडे टपाटप पडायचे. पांढरे. मी स्वतः मोजलेत.”

आता, दाढेच्या दुखण्यापायी मी रात्र रात्र मोबाइलवर वाचन केलं होतं. युरोपातही खुरासानी ओव्याच्या धुरीने असेच ‘किडे’ पाडत. ते तापून फुटलेल्या बियांमधले कोंब निघाले. हे सगळं ओठांवर होतं, पण ओठच जागेवर नव्हते. मी एवढंच म्हणालो, “काका, किडा नफतो. फॅक्टेरिया अफतात.”

“काय म्हणतायत?” काकांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

“फॅक्टरी म्हणतायत.” तिने मान वर न करता सांगितलं.

“अच्छा! वागळे इस्टेटला का? कुठली कंपनी?” मी जोरात मान हलवली. काका खूश झाले. “माझा मेहुणा होता तिथे. युनियनने वाट लावली. तुमची चालू आहे अजून?”

“फॅक्टेरिया! एन्टरो...कोकफ!”

“नाव नाही ऐकलं. जर्मन असेल.” मग शेजारच्या बाईंना, “जर्मन कंपनीत आहेत. पगार बरा असणार, म्हणून रूट कॅनाल परवडतं.”

बाईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. शर्टावर लाळ गळत असताना असा आदर पचवणं अवघड असतं.

एन्टरोकोकस फीकॅलिस. राहणार खरं म्हणजे आतड्यातला, पण फसलेल्या रूट कॅनालमध्ये वारंवार सापडतो. दातात दोन-एक मायक्रॉन रुंदीच्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. हा त्यांत घुसून बसतो. पागडीचा भाडेकरूच: पाणी तोडा, वीज तोडा, खोली सोडत नाही. डॉक्टर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतात. त्या जहाल अल्कलीत बहुतेक जंतू मरतात, पण याच्या पेशीला प्रोटॉनचा पंप असतो, बाहेर बरीच अल्कली असली तरी आतलं वातावरण बेतात ठेवणारा. एकटाच गुन्हेगार नाही म्हणा. चिकट थर करून बरेच जंतू एकत्र नांदतात.

१९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोकं पाडून आतला गर उघडा टाकला. साध्या उंदरांचा गर सडला. जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्यांचा नाही. भोकात अन्न अडकलं तरी दाढा आपल्याआप बुजायला लागल्या. मला त्या उंदरांचा अजून हेवा वाटतो. त्यांच्याकडे काकाही नसणार.

काका आत जाऊन कवळी घासून घेऊन बाहेर आले, तरी मी बाकावरच. जाताना म्हणाले, “लवंग धरा दाताखाली. आणि कंपनीला बिल लावा.”

बिल! ते हसण्यावारी नेता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरच्या पहिल्या दाढेच्या मुळांत पुष्कळदा चौथी मोठी नळी, म्हणजे कॅनाल, असते, बाकी तिघींपेक्षा फार बारीक. तुमच्या आधीच्यांनी ती उघडलीच नाही, तीनच भरल्या. चौथीत जंतू आरामात. आता कॅप कापायची, जुना मसाला उकरायचा, नव्याने सगळं. पहिल्यापेक्षा जास्त पैसे.

दुसऱ्या दिवशी, तोंड ताळ्यावर आल्यावर, मी आधीच्या दवाखान्यात फोन केला. कॅपचं दहा वर्षांचं वॉरंटी कार्ड त्यांनीच लॅमिनेट करून दिलं होतं.

“कॅप फुटलीय का सर?”

“कॅप ठणठणीत आहे. खाली पू झालाय.”

“वॉरंटी कॅपला आहे, सर. दाताला नाही.”

“पण आता कॅप कापावी लागणार आहे!”

“मुद्दाम कापली तर वॉरंटी जाते, सर.”