प्रश्न क्रमांक त्रेचाळीस

आईने 2023 साली अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज भरला, तेव्हा परीक्षेची यादी शंभर प्रश्नांची होती. सरकार प्रश्न देतं, उत्तरंही देतं. मुलाखतीत त्यातले दहा विचारायचे आणि सहा बरोबर आले की पास व्हायचं. एवढी दयाळू परीक्षा आपल्याकडे तलाठ्याच्या भरतीलाही होत नाही. आमच्या न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावच्या कितीतरी आज्या पोळ्या लाटता लाटता हे शंभर प्रश्न पाठ करायच्या, मुलाखतीला नवी साडी नेसून जायच्या आणि येताना हातात छोटा झेंडा घेऊन फोटो काढायच्या.

आमची अडचण एवढीच होती की, आईची उभी हयात साताऱ्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेलेली.

नागरिकशास्त्र हा थोड्याशा मार्कांचा विषय. सगळी शाळा तो इतिहासाच्या पाठीवर बसवून पुढे ढकलते. वर्षानुवर्षं हा अपमान सोसलेल्या बाईच्या हाती शेवटी एक असं राष्ट्र लागलं, जिथे नागरिकशास्त्रात नापास झालं तर देशात घेत नाहीत. आईचा चेहरा उजळला. तिने वही आणली, समास आखला आणि मला समोर बसवलं. तिची तयारी मी करून घ्यायची असं ठरलं होतं खरं, पण समोर बसून घाम पुसायची वेळ माझ्यावरच आली.

बेचाळीस प्रश्न सुरळीत पार पडले. त्रेचाळिसावा आला: ‘तुमच्या राज्याचे सध्याचे गव्हर्नर कोण?’

यादीत याचं उत्तर छापलेलं नसतं. राज्यागणिक वेगळं असणार, तुमचं तुम्ही शोधा, अशी सूचना असते. मी म्हटलं, “फिल मर्फी. लिहून टाक, पुढे चल.”

“सध्याचे म्हणजे कधीचे?” आईने चष्म्यावरून पाहिलं.

“आत्ताचे.”

“आणि मुलाखत दोन महिन्यांनी आहे. तोवर ते वारले, पळाले, राजीनामा देऊन बसले, तर? मग कोण?”

“लेफ्टनंट गव्हर्नर. म्हणजे उपगव्हर्नर.”

“ते पद केव्हापासून आहे?”

आयटीवाल्या माणसाने इथेच लॅपटॉप बंद करून झोपायला जायला हवं होतं. मी शोधायला गेलो. न्यू जर्सी हे या बाबतीत अमेरिकेतलं सगळ्यात गोंधळी राज्य असावं असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. 1776 पासून गव्हर्नर आहेत, पण पहिला निवडून आलेला लेफ्टनंट गव्हर्नर शपथ घेतो 2010 साली. मधली दोनशेहून अधिक वर्षं उपगव्हर्नर म्हणून कुणाला निवडून द्यायची सोयच नाही. गव्हर्नर गेले, आजारी पडले किंवा राज्याबाहेर असले, तर राज्याच्या सिनेटचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे, अध्यक्ष कारभार बघणार, आणि वर आपली सिनेटची खुर्चीही सोडणार नाहीत. एका हाताने कायदा मंजूर करायचा, दुसऱ्या हाताने त्यावर गव्हर्नर म्हणून सही करायची.

“सत्तेचं विभाजन!” आई उठूनच उभी राहिली. “प्रश्न चौदा बघ. सरकारची एक शाखा फार बलवान होऊ नये म्हणून काय असतं? हे यांनीच छापलंय ना?”

मी काय बोलणार! मी काही तिथला सिनेटर नाही.

खरी कहाणी 2002 च्या जानेवारीची. आदल्या वर्षी गव्हर्नर क्रिस्टीन व्हिटमन केंद्रात पर्यावरण खातं सांभाळायला निघून गेल्या. सिनेटचे अध्यक्ष डोनाल्ड डिफ्रान्सेस्को कारभारी झाले. इथवर ठीक. पण 8 जानेवारीला जुनी सिनेट संपली, तशी त्यांची अध्यक्षपदाची मुदतही संपली, आणि नवे गव्हर्नर जिम मॅकग्रीव्ही येणार 15 तारखेला. नव्या सिनेटने पटकन अध्यक्ष निवडायचा, तर तिथे चाळीस जागांपैकी वीस इकडे आणि वीस तिकडे. त्यामुळे अध्यक्ष दोन. ते शपथ घेईपर्यंत राज्य वाऱ्यावर कसं सोडायचं? म्हणून राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, अॅटर्नी जनरल जॉन फार्मर गव्हर्नर झाले. दीड तास. पुण्यात तेवढ्या वेळात स्वारगेटहून हिंजवडीला पोचण्याची खात्री देता येत नाही. मग उरलेला आठवडा दोन अध्यक्षांनी, भाऊबंदकीत विहिरीच्या पाळ्या लावतात तसा वाटून घेतला. आधी रिपब्लिकन जॉन बेनेट, मग 12 तारखेपासून डेमोक्रॅट रिचर्ड कोडी. आठ दिवसांत पाच जणांनी गव्हर्नरचा कारभार पाहिला.

आईने पाचही नावं वहीत उतरवली. “त्या आठवड्यात ज्यांची मुलाखत झाली असेल,” ती हळहळत म्हणाली, “त्या बिचाऱ्यांचं काय रे झालं असेल? सकाळी पाठ करून निघाले आणि नंबर लागेपर्यंत उत्तर चुकलं!”

मला वाटलं, आता संपलं. पण मॅकग्रीव्हींनीही 2004 साली राजीनामा दिला, आणि कोडी पुन्हा हजर. या वेळी चौदा महिने. शिवाय 2006 मध्ये कायदा असा झाला की, ज्याने इतका दीर्घकाळ कारभार पाहिला त्याला ‘कार्यकारी’ न म्हणता पूर्ण गव्हर्नर धरायचं, आणि तेही मागच्या तारखेपासून. म्हणजे डिफ्रान्सेस्को पायउतार होऊन चार वर्षांनी गव्हर्नर झाले. ते एक्कावन्नावे, मॅकग्रीव्ही बावन्नावे, कोडी त्रेपन्नावे. आमच्या बँकेतल्या एका काकांना पदोन्नती निवृत्तीनंतर मागच्या तारखेने मिळाली होती, त्यांची आठवण काढून आई थोडा वेळ गप्प बसली. तेवढीच मला उसंत.

त्यानंतरच्या जॉन कोर्झाइन यांच्याबद्दल मी जपून सांगितलं, कारण आईला गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावायला आवडत नाही. हे गव्हर्नर 2007 च्या एप्रिलमध्ये गार्डन स्टेट पार्कवेवरून ताशी 91 मैलांनी निघाले होते. गाडी पोलीस चालवत होता, साहेबांनी पट्टा लावला नव्हता. भीषण अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या. साहेब रुग्णालयात असेतो राज्य कुणी पाहिलं? कोडी यांनी. बरे झाल्यावर कोर्झाइन यांनी 46 डॉलरचा दंड भरला आणि ‘पट्टा लावा’ म्हणून स्वतः जाहिरात केली. आई त्यानंतर पट्टा लावते. चौदा वर्षं मी जे सांगून थकलो, ते या राज्याच्या वारसाहक्काच्या इतिहासाने एका संध्याकाळी केलं.

या अपघाताच्या आधीच, 2002 आणि 2004 च्या गोंधळाला कंटाळून लोकांनी 2005 साली मत देऊन राज्यघटना दुरुस्त केली होती आणि लेफ्टनंट गव्हर्नरचं पद निर्माण केलं होतं. पहिल्या मानकरी किम ग्वाडॅग्नो, 2010 साली. आता तरी दोघांपैकी एक जण घरी असणार ना? त्याच वर्षी, 2010 च्या नाताळात, न्यू जर्सीवर असा बर्फ कोसळला की कित्येक गावांत दोन फुटांचा थर साचला. गव्हर्नर क्रिस ख्रिस्टी मुलाबाळांसह फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डला आणि ग्वाडॅग्नोबाई आजारी वडिलांबरोबर मेक्सिकोत. इतक्या वर्षांनी मिळालेली उपगव्हर्नर, आणि पहिल्याच हिवाळ्यात दोघंही गावाला! कारभार पुन्हा सिनेटच्या अध्यक्षांकडे, या खेपेला स्टीफन स्वीनी यांच्याकडे.

“रजेचा अर्ज कोण मंजूर करतं यांचा?” आईने विचारलं. शाळेत मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक एकाच वेळी रजेवर गेल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं.

मग स्वाभाविकच विषय आपल्याकडे वळला. आपल्या राज्यात राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, लोक निवडत नाहीत, आणि राज्याला उपराज्यपाल नसतो. जागा रिकामी झाली की शेजारच्या राज्यपालांकडे अतिरिक्त कार्यभार. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने एकाच माणसाला दोन राज्यं देण्याची सोय केली आहे. 2014 साली गुजरातचे राज्यपाल ओ. पी. कोहली यांनी काही दिवस महाराष्ट्र पाहिला, तर 2020 मध्ये महाराष्ट्राचे भगतसिंह कोश्यारी गोवाही पाहू लागले. आईचा निकाल असा: “अतिरिक्त कार्यभार बरा. निदान माणूस आधीपासून राज्यपाल असतो, शिकवावं लागत नाही.” मी सांगून टाकलं की, न्यू जर्सीचाही गव्हर्नर 1738 पर्यंत न्यूयॉर्कबरोबर सामाईकच होता. हे सांगायला नको होतं. वहीत ‘वसाहतकाळ’ नावाचं नवं प्रकरण उघडलं गेलं.

त्या प्रकरणात तिला एक ओळखीचा माणूस भेटला: इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. मुंबई बेट ज्याला पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदणात मिळालं, तोच. त्याने ते 1668 साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं. त्याच्या चारच वर्षं आधी त्याने इकडचा मुलूख भावाला देऊन टाकला, आणि भावाने त्यातली न्यू जर्सी दोन मित्रांना. आईचा आवाज चढला. “म्हणजे आपल्याला तिकडे वाटून टाकलं, आणि आपण विमानाचं तिकीट काढून इकडे आलो, तर इकडेही हाच!”

पुढच्या रविवारी तिला पर्थ अॅम्बॉय दाखवावं लागलं. एडिसनपासून जवळच आहे. इंग्लंडच्या राजाने नेमलेले न्यू जर्सीचे शेवटचे गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन ज्या घरात राहिले, ते तिथे अजून उभं आहे. हे बेंजामिन फ्रँकलिन यांचे चिरंजीव. वडील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करायच्या खटपटीत आणि मुलगा राजाचा नोकर. 1776 च्या जूनमध्ये क्रांतिकारकांनी मुलाला धरला. वडिलांनी काही सोडवायला धाव घेतली नाही. त्या घरासमोर उभं राहून आईने माझ्याकडे असं पाहिलं की, मी निमूटपणे तिची पिशवी धरली.

जुलै संपत आला तरी आमची गाडी त्रेचाळीसवरच. राजधानी कोणती, हा पुढचा प्रश्न ‘ट्रेंटन’ एवढ्या एका शब्दात संपतो, पण तिथवर पोचायचं कसं? आणि नेमकं तेव्हाच मर्फी सुट्टीला इटलीत गेले. कारभार लेफ्टनंट गव्हर्नर शीला ऑलिव्हर यांच्याकडे आला. आईने वहीत तारीख घालून नोंद केली. ऑलिव्हरबाईंबद्दल तिला आदर होता. कृष्णवर्णीय स्त्री, नेवार्कमध्ये वाढलेली, विधानसभेची अध्यक्ष झालेली. 31 जुलैला त्या अचानक रुग्णालयात गेल्या आणि 1 ऑगस्टला वारल्या. गव्हर्नर परदेशात, कार्यकारी गव्हर्नर गेलेल्या. त्या रुग्णालयात गेल्यापासूनच राज्य सिनेटचे अध्यक्ष निकोलस स्कुटारी यांच्या हाती होतं. त्या दिवशी आईने मला काही विचारलं नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना ऑलिव्हरबाईंचं नाव घेतलं आणि मग वही उघडून, स्कुटारी यांचं स्पेलिंग तेवढं विचारून घेतलं.

मुलाखतीला मर्फी परत आलेले होते आणि ऑलिव्हर यांच्या जागी सप्टेंबरात टहेशा वे यांची नेमणूकही झालेली होती. तरी गाडीतून उतरताना आईने मला फोनवर शेवटचं तपासायला लावलं: “गव्हर्नर राज्यातच आहेत ना?” अधिकारी तरुण मुलगा होता. त्याने प्रश्न विचारला. आईने नाव सांगितलं आणि पुढे ‘ते राज्यात नसल्यास’ म्हणून सुरुवात केली. त्याने हात वर करून थांबवलं. मला हे तिनेच नंतर सांगितलं, तक्रारीच्या सुरात. म्हणे, मुलाला विषयात रस नव्हता, नुसता पगारासाठी आलेला दिसला.

पास झाली, झेंडा मिळाला, फोटो काढला. मला वाटलं, सुटलो.

पण अशी विद्या अंगात मुरली की ती वाट शोधतेच. आईने आमच्या गावच्या मराठी मंडळाची घटना मागवून घेतली. त्यात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोन्ही नसतील तर काय, याची तरतूद नव्हती. आणि डिसेंबरात तर निम्मं मंडळ पुण्यात असतं. संक्रांतीच्या कार्यक्रमाचा हॉल कुणी ठरवायचा यावरून दरवर्षी भांडण. वार्षिक सभेत आईने घटनादुरुस्ती मांडली. एका गृहस्थांनी ‘इतकं काय त्यात, व्हॉट्सअॅपवर ठरवू’ अशी हरकत घेतली. त्यांना डिस्ने वर्ल्ड आणि मेक्सिको सविस्तर ऐकावं लागलं. ठराव एकमताने मंजूर झाला, थोडा जेवणाची वेळ झाल्यामुळेही. आता क्रम असा आहे: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, आणि हे चौघंही बाहेरगावी असल्यास राज्यात हजर असलेला सर्वांत ज्येष्ठ सदस्य.

परवा मी तिला विचारलं, या डिसेंबरात साताऱ्याला जाऊ या का? तिकिटं जरा स्वस्त दिसताहेत.

“तुम्ही जाऊन या,” आई म्हणाली. “ते चौघंही निघालेत. राज्य सोडून मला हलता येणार नाही.”