पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

‘ऊस तुटला की पाचट पेटवा, राखेतून पोटॅश मिळतं, कीड मरते’ हा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, चूक झाली. राखेत पोटॅश उरतं हे खरं. पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो, आणि उघड्या रानातली राख पहिल्या जोरदार पावसात मातीसकट ओढ्यात. किडीबरोबर मित्रकीटकही जळतात. कृषी विद्यापीठांची शिफारस पाचट सरीतच कुजवण्याची आहे: त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. तुटलेल्या उसाचे बुडखे मात्र मोकळे ठेवा, नाहीतर त्यातून येणारे नवे फुटवे दबतात (आमच्याकडे एकदा दबले होते). तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर तिथेच दुरुस्ती टाका.