हुंझाच्या जर्दाळूंपायी आत्या केमो सोडणार होती

'पाकिस्तानातलं एक सुखी गाव, हुंझा. तिथली माणसं सिकंदराच्या सैनिकांचे वंशज, 120 वर्षं जगतात, बायकांना पासष्टीत मुलं होतात, कॅन्सर कुणाला माहीतच नाही, कारण जर्दाळूच्या बिया.' हा मेसेज मी कित्येक वर्षं न वाचता डिलीट करत आलो. गेल्या आठवड्यात तो आत्याकडे पोचला. तिची तिसरी केमो झालीय. ओट्यावर कडू बियांचा डबा, सकाळी उठून दहा बिया, आणि "चौथी घ्यायची का ते बघू."

तर आधी बियाच. कडू बीत अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. मेसेजवाल्यांनी त्याचं बारसं 'व्हिटॅमिन बी-17' असं केलंय. असं व्हिटॅमिनच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने याच अमिग्डालिनची रुग्णांवर रीतसर चाचणी करवून घेतली. 1982 साली निकाल छापून आला: 178 रुग्ण, बरं कुणीच झालं नाही, उलट काहींना सायनाइड बाधू लागलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबाने धडधाकट माणसानेही एका वेळी तीन छोट्या कच्च्या बियांपुढे जाऊ नये. आत्या दहा खात होती, तेही केमो चालू असताना! वर मलाच विचारते, "लहानपणी आपण बी फोडून खायचोच ना?" खायचो की. पण ती गोड बी असायची, आणि एखाददुसरी.

120 वर्षं म्हणे. जन्माची नोंदच नव्हती तिथे वय मोजलं कुणी? जॉन क्लार्क हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ 1950 च्या सुमारास हुंझात राहिला, त्याने दवाखाना चालवला. त्याच्याकडे मलेरिया, आमांश, जंत, खुपऱ्या, सगळं यायचं. आणि 1948 मध्ये 'निरोगी हुंझा'ची कीर्ती पुस्तकातून पसरवणारे जे. आय. रोडेल तिथे कधी गेलेच नव्हते.

पासष्टीतल्या बाळंतपणांवर मी शब्द खर्च करत नाही.

सिकंदराच्या सैनिकांचे वंशज? 2007 च्या जनुकीय अभ्यासात हुंझातल्या या बुरुशो लोकांमध्ये ग्रीक अंश सापडला नाही. त्यांची बुरुशास्की भाषा तर जगातल्या कुठल्याच भाषेची सिद्ध झालेली नातलग नाही.

'पाकिस्तानातलं एक सुखी गाव' हेही अर्धवट. हुंझा हे काराकोरम पर्वतरांगेतलं संस्थान होतं, काश्मीरच्या महाराजांना आणि चीनलाही सोन्याचा नजराणा धाडणारं. नोव्हेंबर 1947 मध्ये तिथल्या मीरने, म्हणजे संस्थानिकाने, पाकिस्तानशी हातमिळवणी केली. 1974 साली पाकिस्तानने ते संस्थानच मोडीत काढलं. हुंझा ज्यात येतं तो सगळा गिलगिट-बाल्टिस्तान भारत आपलाच, लडाखचा भाग मानतो. पाकिस्तानच्या ताब्यात असूनही तिथल्या लोकांना त्या देशाच्या नॅशनल असेंब्लीत एकही जागा नाही. जानेवारी 2010 मध्ये हुंझातल्याच अट्टाबादला दरड कोसळून हुंझा नदीच अडली, माणसं गेली, गावं पाण्याखाली गेली. एवढं सुख!

हां, चढउतारावर राबणं आणि साखर कमी खाणं तब्येतीला चांगलं, हे मान्य. त्यासाठी हुंझा कशाला, हे आमचे आजोबाही सांगायचे.

डबा मी उचलून आणलाय. आत्या फोनवर विचारत होती, वरचा जर्दाळू तरी खाऊ का. म्हटलं, मंगळवारी केमोला जाशील तेव्हा डॉक्टरांनाच विचार.