पोरगी झोपेना, बाप उठेना

बाळ्याची मुलगी दीड वर्षाची. रात्री तीनतीनदा उठते, दिवसा घास गालात धरून बसते. एवढं त्याने सांगायचा अवकाश, अण्णांनी मांडीवर थाप मारली.

"आमच्या वेळी नव्हती असली थेरं! एक धपाटा, की पोर गपगार आणि ताट लख्ख!"

"अण्णा, तुमच्या वेळी तुम्ही घोरत होतात," सुषमाताई म्हणाल्या. "रात्री कोण उठायचं ते काकूंना विचारायचं का?"

अण्णा विषय बदलून आपल्या शिडीवर घसरले. प्रोफेसरने नेलेली शिडी अजून परत आलेली नाही, हे कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे. ताई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. त्यांच्यासमोर अण्णांचं चालत नाही, याचं मला मनापासून बरं वाटतं.

"ताई, तिला काही झालं तर नसेल ना?" बाळ्याचा आवाज खरंच घाबरलेला होता.

"अरे, जाग सगळ्यांनाच येते. आपण कूस बदलतो नि पुन्हा झोपतो. लहान मुलाचं झोपेचं चक्र आखूड, त्यामुळे जागही जास्त वेळा येते. ती झोपते कुठे? तुझ्या बायकोच्या मांडीवर. जागी होते पाळण्यात. तू गादीवर झोपलास आणि अंगणात जागा झालास, तर बोंब मारशील की नाही? पेंगुळली की जागीच पाळण्यात ठेवायची सवय लाव. लगेच जमणार नाही, रडेल, जवळ बसून थोपटायचं."

प्रोफेसरने मोबाइल काढला. त्याच्या ॲपमध्ये भाच्याच्या झोपेचे आलेख असतात. "चौदा तास भरायलाच हवेत, नाहीतर..."

"११ ते १४. तेही दुपारच्या झोपेसकट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी सांगितलंय. आणि त्याच कागदावर लिहिलंय की दीड वर्षाच्या पोरीला मोबाइल, टीव्ही दाखवूच नका. भरवताना काय लावतोस रे बाळ्या?"

बाळ्या गप्प. सगळ्यांना कळलं.

"पडद्याकडे बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरलेलं कळत नाही. आणि खात नाही, खात नाही म्हणतोस, दूध किती पिते?"

"लिटरभर असेल. रात्री उठली की बाटली देतो, त्याशिवाय झोपत नाही."

"मग जेवायला भूक उरेल कुठून? अर्ध्या लिटरच्या वर नको. नुसत्या दुधावर राहिलं की लोह कमी पडतं, त्यानं झोपही बिघडू शकते. बाटली तोंडात धरून झोपली की दात किडतात ते वेगळंच. शिवाय पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली, भूक मंदावली. कधी आणि काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते तिला ठरवू दे. नवी भाजी थुंकली तर दहादा पुढे ठेव, पण कोंबू नकोस."

"त्यापेक्षा सर्दीचं औषध द्या चमचाभर," अण्णा म्हणाले, "रात्रभर निवांत!"

ताईंचा आवाज चढला. इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "अण्णा, हे पुन्हा कुणाला सांगू नका! झोपवायला औषध दिलेली मुलं आमच्याकडे येतात. लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो त्यानं. बाळ्या, ती रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर सरळ डॉक्टरकडे जा. औषध ते ठरवतील."

अण्णांनी मान हलवली. क्षणभर कुणी बोललं नाही. मग ताईंनीच विचारलं, "बरं, रात्री उठतं कोण?"

"बायकोच उठते. पण मला हाक मारून सांगते ना, की मी उठलेय! माझी झोप मोडतेच की!"

कट्टा हसून आडवा झाला. "आजपासून एकाआड एक रात्र तुझी," ताई म्हणाल्या. "तिला सलग झोप मिळू दे, मग बाकीचं बोलू."

प्रोफेसर ॲपमध्ये बापासाठी नवा रकाना करायला लागला. "त्यात माझी शिडी पण टाक," अण्णा ओरडले, "चार वर्षं झोपलीये तुझ्या गच्चीवर!"