बर्नी सँडर्स औषध कंपन्यांच्या खिशात? फॉरवर्ड करण्याआधी एवढं वाचा

फॅमिली ग्रुपवर आत्याने एक मेसेज टाकलाय. अमेरिकेतले सिनेटर बर्नी सँडर्स यांचा फोटो, खाली पाच आरोप. एक, या माणसाने आयुष्यात कधी नोकरी केली नाही. दोन, इतकी वर्षं संसदेत बसून केलं काय, तर पोस्ट ऑफिसांना नावं दिली. तीन, औषध कंपन्यांकडून सगळ्यात जास्त, दीड मिलियन डॉलर याने खाल्ले. चार, समाजवादी म्हणवतो आणि तीन घरं आहेत. पाच, एच-वन-बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाची एक लाख डॉलरची फी याच्यामुळेच आली, भारतीयांना हाकलणं हाच याचा अजेंडा. आत्याला व्हरमाँट राज्याच्या या सिनेटरशी काही घेणंदेणं नाही, तिचा मुलगा तिकडे एच-वन-बीवर आहे म्हणून ती पाचवा मुद्दा वाचून घाबरली. पण ग्रुपवरच्या शिकल्यासवरल्या मंडळींनी अंगठे देत तिसरा मुद्दा पुढे चार ग्रुपवर ढकलला, ते बघून डोकं फिरलं.

तर आधी तिसराच घेऊ. हा आरोप आला कुठून? ३० जानेवारी २०२५ ला रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांची आरोग्यमंत्रिपदासाठी सिनेटच्या समितीसमोर सुनावणी चालू होती, सँडर्स प्रश्न विचारत होते, आणि केनेडींनी उलट सुनावलं की २०२० मध्ये औषध कंपन्यांचा सगळ्यात जास्त पैसा तुम्हालाच मिळाला. क्लिप व्हायरल झाली. सँडर्सनी तिथल्या तिथे उत्तरही दिलं, ते असं की हा पैसा कामगारांचा आहे, कंपन्यांच्या पीएसीचा (म्हणजे निवडणुकीसाठी देणग्या गोळा करून वाटणाऱ्या समितीचा) एक छदामही नाही.

आता हे समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. अमेरिकेत कंपनी स्वतःच्या खात्यातून फेडरल उमेदवाराला थेट पैसे देऊच शकत नाही, १९०७ पासून कायद्याने बंदी आहे. कंपन्या देतात ते पीएसीमार्फत किंवा त्यांचे मोठे अधिकारी वैयक्तिक चेक फाडतात. दुसरीकडे, कुठल्याही साध्या माणसाने एका निवडणुकीत २०० डॉलरच्या वर दिले की त्याचं नाव, व्यवसाय आणि तो कुठे नोकरी करतो हे निवडणूक आयोगाकडे, म्हणजे एफईसीकडे, नोंदवावं लागतं. मग लोक त्या याद्या घेऊन मालकाच्या नावावरून बेरीज करतात, अमुक इंडस्ट्रीकडून एवढे.

म्हणजे समजा न्यू जर्सीत आपला एखादा ग्रीन कार्डवाला मित्र औषध कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोलला आहे (एच-वन-बीवाल्याला देणगी द्यायला बंदी आहे, ग्रीन कार्डवाल्याला चालते) आणि त्याने पगारातून महिन्याला २५ डॉलर बर्नीला दिले. वर्षाचे ३०० झाले. झाला हा 'फार्माचा पैसा'. त्याच्या कंपनीच्या सीईओला बर्नीचं नाव काढलं तरी ॲसिडिटी होत असेल, पण बेरजेत दोघांचा रकाना एकच! आणि सँडर्सची २०२० च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची एकूण जमा २०० मिलियनच्या वर होती, नुसत्या फेब्रुवारीत ४६ मिलियन, तेही वीस लाखांहून जास्त छोट्या छोट्या देणग्यांतून. दीड मिलियन म्हणजे त्यातला एक टक्काही नाही. इतक्या लोकांनी पैसे दिले तर त्यात फार्मावाले, शिक्षक, नर्स, पोस्टमन सगळेच असणार ना.

बरं, खिशात असलेला माणूस मालकाशी असं वागतो का? १९९९ मध्ये हा गृहस्थ व्हरमाँटच्या बायकांना बसने कॅनडातल्या माँट्रियलला घेऊन गेला, तिथे स्तनाच्या कॅन्सरचं टॅमॉक्सिफेन अमेरिकेच्या एक दशांश किमतीत मिळत होतं म्हणून. २०१९ मध्ये डेट्रॉईटहून डायबेटीसवाल्यांना घेऊन सीमेपलीकडे कॅनडातल्या विंडसरला, इन्सुलिनसाठी. सिनेटच्या आरोग्य समितीचा अध्यक्ष झाल्यावर मॉडर्ना, मर्क, जॉन्सन अँड जॉन्सन, एकेकाच्या सीईओला समोर बसवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये नोवो नॉर्डिस्कच्या सीईओला विचारलं की ओझेम्पिक हे डायबेटीसचं औषध जर्मनीत ५९ डॉलरला आणि आमच्याकडे ९६९ ला का. यासाठी कुणी दीड मिलियन देत असेल तर ती कंपनी लवकर बुडो.

एक कबूल करतो. औषध आणि विमा कंपन्यांच्या मोठ्या अधिकाऱ्यांकडून २०० डॉलरच्या वर घेणार नाही अशी शपथ त्यांनी २०१९ मध्ये घेतली तेव्हा अशा थोड्या देणग्या आधीच आलेल्या निघाल्या, त्या परत करायला लागल्या. पण हे सगळं बाहेर आलं कसं, तर एफईसीच्या साइटवर नाव टाकलं की कुणालाही दिसतं म्हणून. आपल्याकडे इलेक्टोरल बाँड कोणी घेतले हे कळायला सुप्रीम कोर्टाला स्टेट बँकेचे कान धरावे लागले, आणि आपण दुसऱ्यांच्या याद्यांवर मीम बनवतोय.

आता पहिला आरोप, नोकरी. चाळिशीपर्यंत घडी बसली नव्हती हे खरंय, सुतारकाम, शाळांसाठी इतिहासाच्या फिल्मस्ट्रिप बनवणं, असलं काहीबाही. १९८१ मध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहराचे महापौर झाले ते फक्त १० मतांनी. आठ वर्षं शहर चालवलं, ती नोकरी नाही तर काय?

पोस्ट ऑफिसं खरी आहेत. फेअर हेवन आणि डॅनव्हिल, दोन्ही व्हरमाँटमधली. स्वतःच्या नावाने पास झालेली बिलं कमी आहेत, यात वाद घालण्यात अर्थ नाही. पण तिथे काम दुसऱ्यांच्या बिलांत घातलेल्या दुरुस्त्यांतून होतं. ओबामांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यात, म्हणजे ओबामाकेअरमध्ये, सामुदायिक दवाखान्यांसाठी ११ बिलियन डॉलर यांनीच घालून घेतले, आणि २०१४ चा माजी सैनिकांच्या उपचारांचा कायदा जॉन मॅकेन या रिपब्लिकनबरोबर बसून केला.

तीन घरं आहेत, हो. त्यातलं एक २०१६ मध्ये तळ्याकाठी घेतलं. टॅक्स भरलाय, दहा वर्षांचे रिटर्न जाहीर केलेत. पुढे.

आता आत्या, तुझा मुद्दा. सँडर्सना एच-वन-बी आवडत नाही हे लपवण्यासारखं नाही. कंपन्या याचा वापर स्वस्तात माणसं राबवायला करतात असं ते वर्षानुवर्षं बोलतायत, २००९ मध्ये सरकारी मदत घेणाऱ्या बँकांवर याबाबत निर्बंधही आणले, आणि जानेवारी २०२५ मध्ये फी दुप्पट करायची दुरुस्ती मांडली, जी कायद्यात आली नाही. मला स्वतःला त्यांची ती भाषा खटकते. पण एक लाखाची फी सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सही करून आणली, सँडर्सना त्यात कोणी विचारलंही नाही.

आणि तुझ्या मुलाचं, आमच्या दादाचं, ग्रीन कार्ड अडलंय ते एका देशाला जास्तीत जास्त ७ टक्के ग्रीन कार्ड या मर्यादेमुळे, तो कायदा १९९० चा. सँडर्स संसदेत पहिल्यांदा बसले जानेवारी १९९१ मध्ये. २०१३ मध्ये नोकरीवाल्यांसाठी ही मर्यादाच काढून टाकणारं बिल सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ ने पास झालं, त्या ६८ मध्ये सँडर्स होते. विरोधातले ३२ च्या ३२ रिपब्लिकन होते, आणि नंतर रिपब्लिकनांच्याच हातात असलेल्या हाऊसने, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, ते मतदानाला घेतलंच नाही.